धप्प्याला टिकणारा कॅमेरा

पाण्याखालचा पहिला फोटो एका वकिलानं काढला, हे वाचलं आणि वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिका अशा का असतात याचा मला उलगडा झाला. साल १८५६. गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वेमथ. वकिलाचं नाव विल्यम थॉम्पसन. या गृहस्थांनी कॅमेरा एका पेटीत बसवला, पेटी होडीतून साधारण साडेपाच मीटर खोल समुद्रात सोडली, वरून दोरी ओढून झडप उघडली आणि दहा मिनिटं होडीत स्वस्थ बसून राहिले. पेटी वर घेतली तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं. तरीही काचेवर समुद्राच्या तळाची पुसटशी आकृती उमटली होती. म्हणजे पाण्याखालच्या फोटोग्राफीतला पहिला कॅमेरा गळका होता आणि त्याचा मालक वकील होता. मधल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत कॅमेरे गळायचे पुष्कळच थांबले. पुस्तिका मात्र अजून वकीलच लिहितात.

या पुस्तिकांच्या नादी मी लागलो तो भाच्यामुळे. "मामा, रहाडीत नेता येईल असा कॅमेरा बघा ना," तो म्हणाला.

ज्यांनी नाशिकची रहाड पाहिलेली नाही त्यांना या वाक्यातला भयंकरपणा कळायचा नाही. जुन्या नाशकात काही चौकांच्या पोटात पेशवेकालीन दगडी हौद आहेत. वर्षभर ते बुजवलेले असतात आणि त्यांच्यावरून रिक्षा, हातगाड्या, शाळेची पोरं आणि मोकाट गाई सुखानं ये-जा करतात. बाकीचा महाराष्ट्र धुळवडीला रंगतो तेव्हा नाशिककर दम धरून बसतो. त्याचा दिवस रंगपंचमीचा. त्याच्या आधी रस्ता उकरून हौद मोकळा करतात, धुतात, पूजा करतात आणि रंगाच्या पाण्यानं काठोकाठ भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. रंग फुलंबिलं उकळून केलेला, अंगाला असा बसतो की पुढचे काही दिवस माणूस कुठल्या चौकातला हे त्याच्या मानेवरून ओळखावं. आणि या हौदात उतरायचं नसतं. काठावरून उडी ठोकायची असते. तिला म्हणतात धप्पा. धप्पा नीट बसला तर पाणी दोन्ही अंगांनी उसळून काठावरच्या अख्ख्या गर्दीला आंघोळ घालतं. चुकला तर तो आधीपासून आत असलेल्या कुणाच्या तरी खांद्यावर बसतो.

भाच्याला या धप्प्याचा फोटो आतून हवा होता. काठावरून सगळेच काढतात, पेपरवाले समोरच्या वाड्याच्या गच्चीवरून काढतात. पण वरून माणूस येतोय आणि आपण खाली रंगात आहोत, असा फोटो त्यानं कुठे पाहिला नव्हता.

"आजवर कुणी का काढला नसेल, याचा विचार केलास?" मी विचारलं.

"कॅमेरा नव्हता म्हणून."

एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर माणूस पुढे काय बोलणार? आम्ही दुकानात गेलो.

कॅमेऱ्याचं दुकान म्हणजे ज्याच्या पाटीवर कॅमेरा आहे आणि आत मोबाइलची कव्हरं आहेत, अशी जागा. मागच्या बाजूला पासपोर्ट फोटोचा निळा पडदा. मालक गल्ल्यावर बसून स्वतःच्या फोनवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत होते.

"शेठ, पाण्यात चालणारा डिजिटल कॅमेरा आहे का?"

"पाण्यात म्हणजे पावसात?"

"नाही, बुडवायचाय."

त्यांनी फोन खाली ठेवला. "विम्याची भानगड आहे का काही?"

"रहाडीत न्यायचाय."

"मग पाण्यात कुठे, रंगात म्हणा की!" शेठ जुन्या नाशकातलेच, त्यामुळे अडचण त्यांना आमच्याआधी कळली. "हे बघा, पाण्याची हमी कंपनी देईल. रंगाची कोण देणार? आणि कंपनीचा माणूस जपानात. त्याला रहाड कोण समजावणार?"

हा मुद्दा मी घरी आल्यावर पुस्तिका डाउनलोड करून तपासला. शेठचं बरोबर होतं. गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी, या दोनच द्रवांना कंपन्या ओळखतात. आपल्याकडे वस्तू पाण्यात पडते ती क्वचितच. आमच्या घरात चष्मा आमटीत पडलेला आहे, रिमोट ताकात पडलेला आहे आणि एका सत्यनारायणाला गुरुजींचाच फोन पंचामृतात पडला होता. तो त्यांनी शांतपणे बाहेर काढला, धोतराला पुसला आणि चौथा अध्याय पुढे चालू ठेवला. पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर अशा पाच वस्तू असतात आणि त्यातली एकही जगातल्या कुठल्याच चाचणीत नाही.

चाचण्यांचा विषय निघाला आणि दाजी पुढे सरसावले. दाजी म्हणजे भाच्याचे वडील. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून घरातल्या मिक्सरपासून ते सोयरिकीपर्यंत सगळं तपासून बाजूला ठेवतात. त्यांनी वही मागवली.

"वस्तू धूळ-पाण्यात कितपत टिकते ते सांगायला आयपी लिहितात, त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवायचं. आठ म्हणजे त्याहून कडक परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ, ते कंपनीनं सांगायचं." 'कंपनीनं सांगायचं' हे शब्द दाजींनी खाली रेघ मारल्यासारखे उच्चारले. नोकरीभर ते अशा सांगणाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले होते.

"आणि पाणी कसलं घेतात?" मी विचारलं.

"साधं, गोडं. टाकीत उभं असलेलं. हलत नाही, ढवळत नाही, कुणी वरून उडी मारत नाही."

म्हणजे परीक्षा आपल्या गावच्या पाण्याची नव्हतीच. रहाडीत अर्धा तास कुणी राहत नाही; चार-पाच सेकंद राहतो, पण त्या चार-पाच सेकंदांत त्याच्या अंगावर दोघंतिघं येतात.

पण दाजींच्या वहीतली खरी मजा पाच आणि सहा या आकड्यांत निघाली. आयपी पाचची परीक्षा अशी: ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटर अंतरावरून, वस्तूच्या सगळ्या बाजूंनी, निदान तीन मिनिटं मारायचं. सहाला तोटी दुप्पट जाड आणि पाणी मिनिटाला शंभर लिटर. भाच्यानं हे दोनदा वाचून घेतलं. जगात कुठेतरी एक इंजिनिअर रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, दिवसभर पिचकारी मारतो आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घेतो, ही कल्पना त्याला सहन होईना. "भरती कुठे असते यांची?" तो विचारत होता. नऊचा आकडा तर आणखी वरचा: ८० अंशांचं कढत पाणी, तेही प्रचंड दाबानं. इथवर आल्यावर आमची आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्या कढत पाण्यानं तर आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा न्हाऊ घालत नव्हते."

आणखी एक बारकावा दाजींनी सांगितला, तो ऐकून मात्र मी गप्प झालो. सात मिळालेली वस्तू पाचला उतरेलच असं नाही. बुडवली तर कोरडी राहील, पण बाजूनं जोरदार धार बसली तर आत पाणी घेईल. खोटं कशाला सांगू, आयुष्यभर संसारात बुडून कोरडे राहिलेले स्वतः दाजी आत्याच्या एका टोमण्यानं भिजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग आम्ही पुस्तिकेतल्या अटींकडे वळलो. वर सांगितलेले वकील इथे भेटतात. जाहिरातीत पोरगी कॅमेरा घेऊन निळ्या समुद्रात सूर मारत असते आणि आत बारीक टायपात छापलेलं असतं की कॅमेरा हातात धरून पाण्यात उडी मारू नये. झालं, धप्पा पहिल्याच कलमात बाद. जोराचा प्रवाह आणि धबधबा टाळावा. म्हणजे पावसाळ्यातलं त्र्यंबकेश्वर बाद. गरम पाण्याच्या झऱ्यात नेऊ नये. ही अट जपानी माणसानं स्वतःच्या देशबांधवांना ओळखून घातलेली असणार, कारण तिकडे गाव तिथे गरम पाण्याचा झरा. पण तिच्यात आपली वज्रेश्वरीही गेली आणि कोकणातलं उन्हवरेही गेलं. साबणाच्या पाण्यात बुडवू नये. समुद्रातून आल्यावर मात्र गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, नाहीतर मीठ साठतं. झाकण ओल्या हातानं उघडू नये, वाळू उडते तिथे उघडू नये. हा समुद्रकिनाऱ्यावर न्यायचा कॅमेरा, बरं का!

सगळ्या भानगडीचं मूळ त्या झाकणात आहे. कॅमेऱ्याच्या अंगाला बॅटरीचं आणि तारेचं असं एखाददुसरं दार असतं आणि त्या दाराला आतून रबरी सील. एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा त्या रबरावर आडवा राहिला की तीस मीटरची हमी तीन सेंटिमीटरवर येते. शिवाय हे सील वर्षातून एकदा बदलून घ्यावं, असंही लिहिलेलं असतं. मी हे आत्याला समजावून सांगायला लागलो तर तिनं मधेच थांबवलं. "कुकरच्या रिंगेसारखं ना? तीही वर्षानं ढिली पडते, तिच्यावर भाताचं शीत राहिलं तरी वाफ सुटते. यात कळायचं काय आहे?" दाजींना वहीची चार पानं लागली होती.

दणकटपणाच्या दाव्यांत तर वकिली रंगतेच. ऑलिम्पसचे टफ जातीचे कॅमेरे २.१ मीटरवरून पडले तरी चालतात. निकॉनच्या डब्ल्यू ३०० चा आकडा २.४ मीटर. पण पडायचं कशावर? पाच सेंटिमीटर जाडीच्या प्लायवूडवर. आमच्या चौकात प्लायवूड निवडणुकीच्या सभेलाच अंथरतात. शंभर किलोचा भार सोसतो, असंही टफच्या डब्यावर असतं. ते वाचून घरातल्या सगळ्यांनी धाकट्या मामांकडे पाहिलं आणि मामा उगाचच उभे राहिले. उणे दहा अंशांत चालतो, हे एक बरं आहे. निफाडची थंडी कितीही पेटली तरी तिथवर पोचायला तिला वेळ आहे.

आता खोलीचं राजकारण. दहा मीटर खाली गेलं की साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर कॅमेऱ्याला चौपट दाब सोसावा लागतो. हे काम कठीण आहे, यात वाद नाही. पण कंपन्यांची भावकी बघा. ऑलिम्पस पंधरा मीटरवर समाधानी. रिको वीस म्हणाला. फुजी पंचवीस म्हणाला. निकॉननं २०१७ साली तीस जाहीर केले. २०१८ मध्ये पॅनासॉनिकनं एकतीस केले. एकतीस! हा वरचा एक मीटर कुणासाठी आहे? तीस मीटरवर पोचलेला कुणी माणूस 'अरेरे, मासा एक मीटर खाली गेला' म्हणून हळहळत होता का? आमच्याकडे शेजाऱ्याच्या गच्चीपेक्षा आपल्या गच्चीचा कठडा वीतभर वर घेतात, त्या वृत्तीचे लोक ओसाकातही आहेत, हे वाचून फार बरं वाटलं.

या धंद्याचं घराणं मात्र खानदानी आहे. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कूस्तोला पाण्याखाली पेटीबिटी न वापरता नेता येईल असा कॅमेरा हवा होता. तो झाँ द वूटर्स या बेल्जियन इंजिनिअरनं तयार केला, कूस्तोच्या जहाजावरून त्याचं नाव पडलं कॅलिप्सो. पुढे निकॉननं तो घेतला आणि १९६३ मध्ये निकोनॉस या नावानं आणला. तो २००१ पर्यंत बनत होता. फिल्मवाला, ठोकळ्यासारखा आणि बोलघेवडेपणा शून्य. मग डिजिटल आले. ऑलिम्पसच्या २००६ च्या एका खिशातल्या कॅमेऱ्याला तीन मीटरची हमी होती, तेव्हा लोकांना तेवढंच अप्रूप वाटलं होतं.

म्हणजे कॅमेरे आहेत. फक्त मिळत नाहीत. आम्ही यादी घेऊन पुन्हा शेठकडे गेलो. तीस मीटरवाला? "बंद झाला." एकतीसवाला? "तोही बंद." पंचवीसवाला? शेठनी नुसती मान हलवली. गावातल्या जुन्या टॉकीजची चौकशी करावी तसं चाललं होतं. ऑलिम्पसनं तर २०२१ मध्ये कॅमेऱ्यांचा सगळा धंदाच दुसऱ्या कंपनीकडे सोपवला. टफची ओळ मात्र जिवंत राहिली आणि २०२३ मध्ये टीजी-७ नव्या नावाच्या पाटीखाली आला. शेठनी त्याची किंमत फोनवर काढून दाखवली. भाच्यानं ती पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी निळ्या पडद्याकडे पाहिलं.

"कशाला एवढं?" शेठ म्हणाले. "फोन न्या. हल्ली सगळे वॉटरप्रूफ असतात."

याच वाक्यानं हे कॅमेरे मारले. आधी काही फोनना पाण्याची परीक्षा पास झाल्याचा आकडा चिकटला, मग २०१६ मध्ये आयफोनलाही चिकटला. आणि फोन खिशात असताना दुसरा कॅमेरा कोण घेणार? पण फोनचे वकील कॅमेऱ्याच्या वकिलांहून तयारीचे. आकडा डब्यावर ठळक असतो आणि वॉरंटीत लिहिलेलं असतं की द्रवामुळे झालेलं नुकसान आम्ही भरून देणार नाही. फोन पाण्यात टिकतो, पण न टिकल्यास तो पाण्यात नेल्याचा दोष तुमचा. आणि थापही मारता येत नाही, कारण सिमकार्डाच्या खाचेत एक एवढीशी पांढरी पट्टी बसवलेली असते, पाणी लागलं की ती लाल होते. घरातला माणूसच फितूर. दाजींना ही योजना फार आवडली. मला एवढंच वाटलं की गुलाबी रहाडीत नेलेला फोन सर्व्हिस सेंटरला दाखवला तर त्या पट्टीचं काय करतील? ती पाण्यानं लाल झाली की रंगपंचमीनं, हे शोधायला नाशिकचाच माणूस बसवावा लागेल.

भिजलेला फोन तांदळात पुरायचा, हे आपल्याकडे बाळकडूतून मिळतं. २०२४ मध्ये ॲपलनं स्पष्ट लिहिलं की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करतात. मी हे घरी वाचून दाखवलं. आत्यानं थोडा विचार केला. "त्यांच्याकडे बासमती असेल," ती म्हणाली. "लांब दाणा टोचणारच. इंद्रायणीत ठेवा म्हणावं." आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात भिजलेला एक फोन इंद्रायणीतून बरा होऊन बाहेर आला होता. तो आपोआप वाळला असता हे दाजींचं मत. पण ते त्यांनी हळू आवाजात मांडलं, कारण त्याच तांदळाचा भात त्यांच्या पानात होता.

अखेर भाच्याच्या एका मित्राचं नाव पुढे आलं. तो तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात डायव्हिंग शिकून आलेला आणि त्याच्याकडे टफ होता. हा मुलगा घरी आला तेव्हा पहिला अर्धा तास मालवणचीच गोष्ट झाली. सिंधुदुर्गाच्या आसपास सीझनमध्ये रोज हौशी लोक पाण्याखाली जातात आणि वर आल्यावर प्रत्येकाला व्हिडिओ मिळतो. व्हिडिओ सगळ्यांचा एकच: माणूस पावाचा तुकडा धरतो, मासे जमतात, माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. खरी पंचाईत पुढे होते. डायव्हिंगच्या खुणांत अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या' आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. होडीत हे दहा वेळा सांगतात. पण समोर कॅमेरा आला की मराठी माणसाचा अंगठा आपोआप वर जातो. मोजलेले पैसे, ठरलेला वेळ, आजूबाजूला मासे, चेहऱ्यावर परमानंद. आणि प्रशिक्षक त्याला काखेत धरून वर घेऊन चाललाय.

रंगांचंही त्यानं सांगितलं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो. काही मीटर खाली गेलं की लाल पोहण्याचा पोशाख मातकट दिसायला लागतो आणि नवी जोडपी वर आल्यावर फोटोवाल्याशी भांडतात. म्हणून कॅमेऱ्यात पाण्याखालची वेगळी सोय असते, ती गेलेला लाल परत भरते. "रहाडीत कुठली सोय लावायची?" भाच्यानं विचारलं. मित्रानं डोकं खाजवलं. पुस्तिकेत निळं पाणी होतं, हिरवं पाणी होतं. केशरी पाणी नव्हतं.

कॅमेरा द्यायला तो तयार झाला, पण अटींवर. झाकण मीच लावणार, कोरड्या खोलीत, पंखा बंद करून. कोरडी खोली का, तर दमट हवा आत कोंडली गेली आणि कॅमेरा गार पाण्यात गेला की काचेवर आतून धुकं धरतं, मग बाहेरून कितीही पुसा. फ्लोटिंग स्ट्रॅप लावायचाच, कारण कॅमेरा वॉटरप्रूफ असला तरी दगडाच्या वेगानं बुडतो आणि रहाडीत बुडाला तर हौद उपसेपर्यंत दर्शन नाही. उडी मारताना हातात धरायचा नाही. आधी एकानं पायऱ्यांवरून उतरून आत उभं राहायचं आणि मग दुसऱ्यानं धप्पा मारायचा. दाजींनी एकेक अट वहीत उतरवून घेतली, खाली तारीख टाकली आणि मुलाची सही घेतली. थॉम्पसनसाहेबांना कृतकृत्य वाटलं असतं.

रंगपंचमीला भाचा आत उतरला आणि कॅमेरा त्यानं दोन्ही हातांनी वर रोखला. पहिला धप्पा ठरवल्याप्रमाणे पडला. दुसरा न ठरवता पडला. तिसऱ्याला भाचा खाली गेला, कॅमेरा हातातून सुटला आणि पिवळा झालेला नारिंगी स्ट्रॅप पाण्यावर तरंगू लागला. तो कुणीतरी उचलून गळ्यात घातला. पुढे बराच वेळ तो कॅमेरा ओळखीच्या-अनोळखी लोकांच्या गळ्यातून फिरत राहिला, त्यानं पिचकाऱ्या खाल्ल्या, एकदा रस्त्यावर पडला (खाली प्लायवूड नव्हता), कुणीतरी त्याला बादलीनं न्हाऊ घातलं आणि संध्याकाळी एका काकांनी तो आमच्या दारात आणून दिला. "तुमच्या पोराचा का? चांगला मजबूत आहे हो," ते म्हणाले. धुऊन पुसून झाकण उघडलं. आत थेंब नाही. सील जागच्या जागी. वकिलांनी मनाई केलेलं जवळजवळ सगळं सोसून कॅमेरा सुरू होत होता.

फोटो लॅपटॉपवर घेतले. पहिला फोटो पिवळा होता. फोटोत पिवळं काही होतं असं नव्हे. फोटोच पिवळा होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दुसराही. पुढचेही. एकात वरच्या कोपऱ्यात पिवळा जरा फिका होता, तिथे बहुधा आकाश असावं. मित्रानं शांतपणे सांगितलं की मालवणचं पाणी नितळ असतं म्हणून काही मीटरवरचा मासा दिसतो. फुलांचा काढा भरलेल्या हौदात हातभर अंतरावरचा माणूसही दिसणार नाही, मग कॅमेरा पंधरा मीटरचा असो की एकतीसचा. दाजींनी तरी प्रत्येक फोटो मोठा करून, डावीकडून उजवीकडे, तपासला. भाचा काही बोलला नाही. त्यातल्या त्यात बरा पिवळा निवडून त्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'रहाड, आतून.'

लगेच चार-पाच अंगठे आले. मग आत्याचा मेसेज आला: "सुरेख! डावीकडचा आपला दादाच ना? केवढा वाळलाय रे."

तिला कुणी काही कळवण्याच्या आत पुण्याच्या काकांचं उत्तर आलं. "दादा नाही गं, मधला आहे. दादा या वर्षी कुठे आला होता?"

"मधला एवढा उंच नाही," मामींनी लिहिलं.